कागदी पिशवीतला इन्साफ



या सदरात मी सहसा घरात सगळ्यांनी मिळून पाहावे अशा सिनेमांबद्दल, नाहीतर एखाद्या पुस्तकाबद्दल लिहिते. पडलेल्या सिनेमावर लिहिण्याची वेळ क्वचित येते. २०१८ साली आला कधी आणि गेला कधी हे कुणाला कळले नाही, अशा सिनेमावर आज पानभर लिहायचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की त्या सिनेमात पाण्याची चोरी आहे. माण तालुक्यातल्या माणसापुढे पाण्याच्या चोरीचा विषय काढला की त्याचे कान आपोआप टवकारतात.

सिनेमाचे नाव 'भावेश जोशी सुपरहिरो'. मालाडला राहणारा माझा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत दहिवडीला आला होता. तो म्हणाला, "मावशी, आमच्या मालाडचा पिक्चर आहे, बघच." म्हटले, बघू. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात खाटा टाकल्या, टीव्ही दाराशी ओढला आणि सासूबाईंपासून धाकट्या पुतणीपर्यंत सगळे बसलो. सिनेमा अडीच तासांचा. निम्म्यात सासूबाई झोपतील असा माझा अंदाज होता. त्या झोपल्या नाहीत. उलट मध्येच त्यांनी एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहिते आहे. तो प्रश्न पुढे सांगते.

आधी गोष्ट. मुंबईतले तीन मित्र, वयाने विशीतले. २०११ साली अण्णा हजारे यांचे भ्रष्टाचारविरोधी आंदोलन झाले, त्या गर्दीत ही पोरे घोषणा देताना दिसतात. गर्दी ओसरते, पोरांच्या डोक्यातले वेड मात्र ओसरत नाही. भावेश आणि सिकंदर हे दोघे डोक्यावर खाकी कागदी पिशव्या घालतात, डोळ्यांपुरती भोके पाडतात आणि 'इन्साफमॅन' होऊन गल्लीतले गैरप्रकार उघडे पाडू लागतात. त्याचे व्हिडिओही काढतात. पुढे सिकंदर नोकरीत रमतो, त्याला अमेरिकेला जायची संधी येते. पासपोर्टची पोलीस पडताळणी अडते, तेव्हा तो चार पैसे सारून काम उरकून घेतो. भावेशला हे सहन होत नाही आणि मैत्रीत भेग पडते. भावेश मात्र आपला उद्योग चालूच ठेवतो. त्यातून त्याला पाण्याचा धंदा सापडतो: पालिकेच्या जलवाहिनीतले पाणी चोरून ओढायचे, टँकरमध्ये भरायचे आणि जे तहानलेले आहेत त्यांनाच विकायचे. त्यात पुढारी सामील, पोलीस सामील. भावेशचा जीव जातो. मग अपराधी मनाने सिकंदर मुखवटा चढवतो, मोटारसायकल सजवतो आणि सूड घ्यायला निघतो.

दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने. यांचा 'उडान' २०१० साली आला होता, तो फार चांगला होता. २०१७ सालच्या 'ट्रॅप्ड'मध्ये त्यांनी प्रभादेवीच्या एका रिकाम्या इमारतीत अडकलेला माणूस दाखवला होता. त्याच्या घरात वीज नाही आणि नळाला पाणी नाही. म्हणजे पाण्याविना माणसाचे काय होते, याचा विचार हा दिग्दर्शक आधीपासून करतो आहे असे दिसते. सिकंदरचे काम हर्षवर्धन कपूरने केले आहे, भावेशचे प्रियांशु पैन्युलीने. 'भावेश जोशी' १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच दिवशी चार नट्यांचा 'वीरे दी वेडिंग' आला आणि लोक तिकडे गेले.

आता चांगले काय ते सांगते, कारण ते खरेच चांगले आहे.

सुपरहिरोच्या सिनेमातला खलनायक बहुधा अख्खी पृथ्वी बुडवायला निघालेला असतो. त्याचे काम काय चालते, पैसा कुठून येतो, हे कुणी सांगत नाही. इथला खलनायक पाण्याचा टँकर पळवतो. त्याची चोरी आपल्याला समजते. पाइप कुठे फोडला, पंप कुणी बसवला, टँकर कुणाच्या नावावर आहे, कुणी डोळेझाक केली, हे सगळे जमिनीवरचे आहे. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. त्यातले बहुतेक भातसा, तानसा, वैतरणा अशा शंभरेक किलोमीटरवरच्या धरणांतून येते. ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातून ते येते, तिथल्या आदिवासी बायका उन्हाळ्यात खड्ड्यातले पाणी वाटीने भरतात. एवढे पाणी शहरात आल्यावरही काही वस्त्यांना ते विकत का घ्यावे लागते, हा प्रश्न एका हिंदी सिनेमाने पोरासोरांच्या भाषेत विचारला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट सिकंदरची. इंग्रजीत ज्याला अँटिहिरो म्हणतात तो हा. म्हणजे कथेचा नायक तोच, पण नायकाचे गुण त्याच्या अंगी नाहीत. हा स्वतः लाच देतो, मित्राला एकटे सोडतो आणि शेवटी न्यायासाठी कमी, सूडासाठी जास्त लढतो. 'दीवार'पासून (१९७५) आपण असे नायक पाहत आलो. फरक असा की अमिताभच्या विजयवर आधी अन्याय झालेला असतो. सिकंदरवर कुणीही अन्याय केलेला नाही. तो सुखवस्तू आहे, त्याला फक्त रांगेत थांबायचा कंटाळा आला होता. ती पासपोर्टची लाच पाहताना आमच्या अंगणात दोन-तीन माणसे उगाच खाकरली. जातीचा दाखला असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, नाहीतर घरकुलाचा हप्ता असो, "साहेबांच्या चहापाण्याचं बघा" हे वाक्य ऐकून खिशात हात घातला नाही असे घर विरळा. हा सिनेमा चोराकडे बोट दाखवण्याआधी नायकाकडे दाखवतो. पहिला तास म्हणूनच चांगला झाला आहे.

तिसरी गोष्ट सांगताना माझे मन जड होते. भावेश मरतो एवढ्यावर त्याची फरफट थांबत नाही. मेल्यावर त्यालाच देशद्रोही ठरवले जाते. पाणीचोराचे नाव कुठेच येत नाही, चोरी दाखवणाऱ्याचे नाव मात्र बातम्यांत काळे होते. ही काही लेखकाची कल्पनेची भरारी नव्हे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींची कागदपत्रे काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असता त्यांचा खून झाला. आणि हा सिनेमा लागल्यानंतर पाचव्या दिवशी, ६ जून २०१८ रोजी, भीमा कोरेगावच्या प्रकरणात 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्यासह पाच जणांना अटक झाली. ढवळे यांना जामीन मिळून बाहेर यायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. साडेसहा वर्षे! खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागो, पण साडेसहा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाला ती कोण परत देणार? त्या आठवड्यात हा सिनेमा पाहणाऱ्याला पडदा कुठे संपतो आणि वर्तमानपत्र कुठे सुरू होते, असा प्रश्न पडला असेल.

एक छोटी गंमत जाता जाता. या सिनेमात पाणी पळवणाऱ्या राजकारण्याचे काम निशिकांत कामत यांनी केले आहे. २००५ साली 'डोंबिवली फास्ट' दिग्दर्शित करणारे तेच हे कामत. त्या मराठी सिनेमात बँकेत नोकरी करणारा सरळमार्गी माधव आपटे हातात बॅट घेऊन भ्रष्टाचाराविरुद्ध निघतो. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी ज्याने असा चिडलेला माणूस पडद्यावर उभा केला, तोच आता अशा माणसाला चिरडणारा झाला. आणि काम काय केले आहे! आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही. १७ ऑगस्ट २०२० रोजी ते गेले, वय पन्नास. मराठीचे मोठे नुकसान झाले.

आता उणे बाजू.

सिकंदरने मुखवटा चढवल्यापासून सिनेमाची घसरण सुरू होते. कराटे शिका, यंत्रे जोडा, अंधारात उभे राहा, जाड आवाजात बोला. बॅटमॅनचे सगळे पाठ एकामागून एक होतात. बॅटमॅन तर गर्भश्रीमंत, त्याच्या घरी नोकरचाकर. सिकंदरला हे सगळे कसे परवडते हा प्रश्न माझ्या भाच्यालाही पडला. मोटारसायकलच्या पाठलागाचा प्रसंग मात्र दमदार आहे हे कबूल केले पाहिजे. पोरे खाटेवरून उठून उभी राहिली होती. पण मध्येच 'च्यवनप्राश' नावाचे गाणे येते, त्यात पाहुणा म्हणून अर्जुन कपूर नाचून जातो. कशासाठी, ते निर्मात्याला ठाऊक. नायकाची मैत्रीण काळजी करायला आणि रुसायला ठेवली आहे, बाकी तिला काम नाही. मारामाऱ्या इतक्या झोंबणाऱ्या आहेत की लहान मुलांना दुसऱ्या भागात झोपायला पाठवावे. आम्ही पाठवले होते. ती खिडकीतून पाहत होती, हे सकाळी कळले.

आणि आता सासूबाईंचा प्रश्न. टँकर भरतात, टँकर पळतात, टँकरमागे मोटारसायकल पळते. हे सगळे बराच वेळ पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आरं, पाणी चोरलं पाणी चोरलं म्हणत्यात, पर ज्येचं चोरलं ती बाय कुठं हाय? हंडा घिऊन हुबी असल्याली येक तर बाय दावा की!"

अंगणात कुणी बोलले नाही. भाच्याने टीव्ही थांबवला.

बाईने बरोबर बोट ठेवले. १९७२च्या दुष्काळात सासूबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या. २०१२-१३ला आणि पुन्हा २०१८-१९ला त्यांनी टँकरच्या रांगा पाहिल्या. म्हसवडच्या चारा छावणीत माणसे जनावरांबरोबर महिनोन् महिने राहिली, तेही पाहिले. पाणी म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे डोक्यावरचा हंडा येतो. या सिनेमात पाणी चोरीला गेलेली वस्ती फार ओझरती दिसते. तिथल्या कुणाला नाव नाही, कुणाला बोलायला दोन वाक्ये नाहीत. त्यांच्यासाठी लढतो कोण, तर जोशी आणि खन्ना. आडनावांवरून मी भांडत नाही. चांगल्या कामाला कुणीही यावे, स्वागत आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्याला तहान लागली आहे त्याला सिनेमात नुसते तहानलेले ठेवले आहे. तो स्वतः काही करत असेल, असे लेखकांच्या मनातही आलेले नाही.

प्रत्यक्षात तो करतो. त्याच मालाडात मालवणीकडे अंबोजवाडी आहे. मुंबईत १ जानेवारी २०००नंतरच्या झोपड्यांना पालिका नळजोडणी देत नव्हती. जागाच बेकायदा, मग पाणी कसले, असा हिशेब. अशा वस्त्यांतल्या लोकांनी 'पाणी हक्क समिती'च्या वतीने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. वाचकहो, हा निकाल सिनेमाच्या साडेतीन वर्षे आधीचा आहे. त्यात पाठलाग नाही, गाणे नाही. बाया-माणसांच्या सभा आहेत, अर्ज आहेत, मोर्चे आहेत, तारखा आहेत. निकालानंतरही नळ यायला पुन्हा खेटे घालावे लागले. पण कागदी पिशवी कुणी घातली नव्हती.

ही कागदी पिशवी माझ्या डोक्यातून जाईना. रात्री झोप लागेना. आणि एकदम आठवले ते मसूरचे रेल्वे स्टेशन.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. तो आपल्याच जिल्ह्यातला आहे हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे वडील रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. (हे मुंबईचे मालाडशेजारचे गोरेगाव नव्हे; भाच्याचा तोच घोटाळा झाला.) दुष्काळात मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. म्हणजे पाण्याचेच काम! वडिलांना भेटायला नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि घरातली मुले साताऱ्याहून निघाली. नवे सदरे, नव्या चकचकीत टोप्या, मुलांचा आनंद गगनात मावेना. मसूरला उतरली. पत्र वडिलांपर्यंत पोचले नव्हते, न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, जात कळली आणि तो चार पावले मागे सरला. गाडीवाले नेईनात. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर भाकरी होती, पाणी नव्हते. वाटेत दिसले ते शेणामुताने घाण झालेले.

रात्री टोलनाक्याची झोपडी लागली. गाडीवानाने सांगून ठेवले होते की तिथे महार म्हणून सांगू नका, मुसलमान म्हणून सांगा, म्हणजे पाणी मिळेल. नऊ वर्षांच्या भीमरावाने उर्दूत पाणी मागितले. मिळाले नाही. नाकेदाराने टेकडीकडे बोट दाखवले. पोरे भुकेली आणि तहानलेली तशीच झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नव्हता.

नवा पोशाख होता, मुखवटाही होता. परिस्थितीने लहान मुलाच्या तोंडावर चढवलेला मुखवटा. त्या मुखवट्याने घोटभर पाणी मिळवून दिले नाही.

त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, तोच मुलगा बॅरिस्टर होऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेला. मागे हजारो माणसे होती. भर दिवसा, शहराच्या रस्त्यांतून, रांगेने. नाव, गाव, जात सगळ्यांना ठाऊक. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेने तळे १९२४ साली खुले केले होते. म्हणजे हक्क कागदावर होता, तो तोंडापर्यंत न्यायचा होता. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग लोकांनी घेतले. परतणाऱ्या लोकांवर काठ्या चालल्या. समोरच्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला. तो दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सिनेमावाल्याला विचारा, दहा वर्षे कोर्टात बसलेला नायक चालेल का? तो म्हणेल, मध्ये एखादे गाणे टाकू.

'भावेश जोशी'चा खरा दोष मला इथे दिसतो. शत्रू बरोबर ओळखला, उपाय मात्र टोलनाक्यावरचा सुचवला. तोंड झाकले की एकट्यालाच लढावे लागते, कारण ज्याचा चेहरा माहीत नाही त्याच्यामागे रांग उभी राहत नाही. सिनेमात भावेशला हे थोडे कळते असे वाटते. त्याचा मार्ग लोकांना दाखवून देण्याचा आहे. सिकंदर तोही सोडतो आणि मुठीवर येतो.

भाच्याने माझ्याशी वाद घातला, तो इथे नोंदवते. तो म्हणाला, "मावशी, तोंड उघडं ठेवलं तर घरी माणसं येतात. भावेशचं काय झालं पाहिलंस ना? महाडला हजारो होते, मालाडला रात्री पंपाजवळ एकटा पोरगा असतो. त्याने काय करायचं?" याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. आमच्या ओळखीच्या एका गावात टँकरच्या खेपा कागदावर एक आणि विहिरीत दुसऱ्याच, हे सगळ्यांना ठाऊक होते. टँकर आधी गावविहिरीत रिकामा व्हायचा आणि आपल्या वस्तीकडे वळेपर्यंत तळाचा गाळ उरायचा. एका मुलाने खेपा वहीत लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत त्याच्या बापाला रोजगाराला बोलावणे बंद झाले. मुलाने वही बंद केली. पुढे वस्तीतल्या बायकांनी तीच वही आळीपाळीने लिहायला घेतली. रोज निराळी बाई, निराळे अक्षर, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. आता काम कुणाकुणाचे बंद करणार? खेपा वाढल्या. सगळ्या नाही, पण वाढल्या.

भाचा म्हणाला, यावर कुणी सिनेमा काढणार नाही. ते मात्र खरे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत जे शेवटचे मोठे भाषण केले, ते घरातल्या मोठ्या मुलांना या सिनेमानंतर वाचायला द्यावे असे मी सुचवीन. संविधानाचे मार्ग खुले झाल्यावर रस्त्यावरच्या मार्गांना समर्थन उरत नाही, हे त्यात आहे. धर्मात भक्ती माणसाला कदाचित तारेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्यातच आहे. सुपरहिरो म्हणजे तरी काय? कुणीतरी येईल, उडी मारील आणि आपले पाणी आणून देईल, ही भक्तीच आहे. आपल्या समाजातही ती कमी नाही. दर निवडणुकीला आपण एखादा नवा मुखवटा शोधतो. असो, हा विषय निराळा, संपादक कात्री लावतील.

माणदेशाने मात्र पाण्यासाठी उडी मारणाऱ्याची वाट पाहिलेली नाही. शेजारच्या आटपाडीला १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली. गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्यासारखी माणसे त्यात होती. वर्षानुवर्षे त्या परिषदा भरत राहिल्या. टेंभूचे पाणी आटपाडीला आले आणि उरमोडीचे माणमध्ये, त्याच्यामागे या सभा-मोर्चांची चिकाटी आहे. त्याही आधी येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले आणि एक नियम घातला: पाण्याचा वाटा कुटुंबाप्रमाणे, जमीन असो वा नसो. भूमिहीनालाही पाणी! ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नाही अशा आपल्या घरांना या एका नियमाचा अर्थ किती मोठा आहे, ते वेगळे सांगायला नको. हा नियम सगळ्या योजनांत अजून उतरलेला नाही. पाट आला तरी तो रानवाल्याच्या बांधावर थांबतो आणि वस्तीवरचा माणूस पूर्वीसारखाच कळशी घेऊन बाहेर पडतो.

तेव्हा 'भावेश जोशी' पाहावा का? माझ्या मते पहिला भाग अवश्य पाहावा आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर पाहावा. लाच देण्याच्या प्रसंगाला टीव्ही थांबवून मुलांना विचारावे, तुम्ही काय केले असते? खोटी उत्तरे मिळतील, मिळू द्यावीत. दुसरा भाग हातात निवडायला मेथीची जुडी घेऊन पाहिला तरी चालेल, काही हुकत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीने किराणा दुकानातली खाकी पिशवी आणून डोळ्यांना भोके पाडली आणि घरभर हिंडली. सासूबाई म्हणाल्या, "काढ ती, उकडंल तुला." तिने काढली आणि मग भाच्याच्या मागे लागली की मसूर कुठे आहे ते नकाशात दाखव. पुढच्या सुट्टीत ते स्टेशन पाहून, तिथून गोरेगावपर्यंत गाडीवाटेने जायचे असे मुलांनी ठरवले आहे. या भागातल्या वाचकांपैकी कुणाला ती जुनी वाट, टोलनाक्याची जागा किंवा रामजीबाबा ज्या तलावाच्या कामावर होते तो तलाव नक्की ठाऊक असेल, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात. बरोबर पाणी भरपूर घेऊन जाणार आहोत.